आपल्यातलेच भाडेकरू

१

पिपरी मेघेतल्या त्या घरात दुपारी साडेबाराला ताट वाढलं जायचं, म्हणजे जायचंच. श्रीधरराव छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि शाळेची घंटा त्यांच्या पोटात जाऊन बसली होती. जानेवारीत त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण साडेबाराची वेळ तेवढी शिल्लक राहिली. पाच मिनिटं उशीर झाला की ते डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर टकटक करायचे.

सुमतीबाईंना ती टकटक सहन व्हायची नाही. नवऱ्याच्या बडबडीला त्या चाळीस वर्षं कंटाळल्या होत्या. वर्गात बोलतात तसं घरात बोलू नका, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं, असं त्या रोज म्हणायच्या. आता त्याच माणसाच्या तोंडून एक धड वाक्य ऐकायला मिळावं म्हणून त्या काहीही द्यायला तयार होत्या. डॉक्टर म्हणाले होते, वाचा परत येऊ शकते, पण व्यायाम हवा, आणि घरात जाणतं माणूस हवं. मुलगा अभिराम पुण्याला. तो फोनवर म्हणाला, वरची खोली रिकामी आहे ना, कामाला येईल असा भाडेकरू बघ.

बाहेरच्या बाजूने जिना चढून वर एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणी होती. आधीचे भाडेकरू दिवाळीत बदली होऊन गेले होते. सुमतीबाईंनी फाटकाला पाटी लावली आणि चौथ्याच दिवशी दीपमाला आली.

दीपमाला मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स होती. लकव्याच्या पेशंटच्या वॉर्डात तिची ड्युटी असायची. देवानेच धाडली म्हणायची, असं सुमतीबाईंना वाटून गेलं. तिने खोली बघायच्या आधी श्रीधररावांना बघितलं. पलंगाशी स्टूल ओढून बसली, त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि म्हणाली, "काका, माझ्या तोंडाकडे पाहा. सु. म्हणा, सु." दहा मिनिटं ती तेवढं एकच अक्षर म्हणत राहिली, न कंटाळता. मग श्रीधररावांच्या वाकड्या ओठांतून हवेसारखा एक आवाज आला. तो 'सु'च होता. सुमतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

चहा झाला. वर जाऊन खोली बघून झाली, पसंत पडली. आता उरली होती ती नेहमीची चौकशी, जी आपल्याकडे कोणी चौकशी समजतच नाही. गाव कोणतं? कारंजा घाडग्याजवळचं. घर गावात आहे की गावाबाहेर? दीपमालेने बशी खाली ठेवली आणि जरा थांबून म्हणाली, गावाला लागूनच आहे. मग कुलदैवत, मग आजोळ. सुमतीबाई फार गोड विचारत होत्या. त्यांचा आवाज मुळातच मऊ होता.

"आई दरवर्षी दसऱ्याले नागपूरले जाते, दीक्षाभूमीवर," दीपमाला म्हणाली. "ड्युटी नसली का मीही जाते."

आता आडनाव विचारायची गरज उरली नव्हती. सुमतीबाई हसल्या. म्हणाल्या, यांना विचारते आणि उद्या कळवते. पलंगावरून श्रीधरराव टक लावून त्यांच्याकडे बघत होते. शाळेत चौदा एप्रिलला समतेवर भाषण करायचे ते नेहमी हेच. पण त्या भाषणांची टाळी शाळेत वाजायची. घरात भाडेकरू कोण ठेवायचा हे आजवर सुमतीबाईच ठरवत आल्या होत्या, आणि श्रीधररावांनी कधी त्यात तोंड घातलं नव्हतं. आता तर घालता येण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीपमाला फोनची वाट न बघता स्वतःच आली. हातात स्पंजचा चेंडू होता, काकांना मुठीत दाबायला. सुमतीबाई फाटक न उघडता आतूनच म्हणाल्या, "खोली गेली गं. कालच संध्याकाळी ठरलं."

दीपमालेने फाटकाला टांगलेल्या पाटीकडे बघितलं. सुमतीबाईंनी ती तिच्यादेखत काढली. काढायची राहूनच गेली बघ, असंही म्हणाल्या.

"कोण आले?" दीपमालेने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. ही तिची पहिली खोली नव्हती, एवढंच त्यातून कळत होतं.

"नवरा-बायको दोघंच. यवतमाळचे. तो बँकेत आहे." तेवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून सुमतीबाईंनी पुढे जोडलं, "आपल्यातलेच आहेत."

दीपमालेने चेंडू फाटकाच्या गजांमधून आत दिला. दिवसातून वीसदा दाबायला लावा म्हणाली, अडलं तर फोन करा म्हणाली, आणि स्कूटी वळवून गेली. आठ दिवसांत तिला पलीकडच्याच गल्लीत खोली मिळाली. ड्युटीवर जाता-येताना ती रोज समोरून जायची आणि सुमतीबाई त्या वेळी तुळशीला पाणी घालत असल्या तर घरात निघून जायच्या.

२

खोटं बोलून माणूस मोकळा होत नाही, ही त्यातली अडचण. खोट्याला रोज खायला घालावं लागतं.

शेजारच्या कौशल्याबाई म्हणजे किराणा दुकानदाराची बायको. त्यांच्या नजरेतून गल्लीतलं मांजर सुटत नसे. पाटी उतरलेली बघून त्यांनी दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून विचारलं. सुमतीबाईंनी तीच गोष्ट सांगितली, आणि सांगताना ती थोडी सजली. नवऱ्याचं नाव भूपेंद्र, बायकोचं प्रेरणा. अजून सामान यायचं आहे. चार दिवसांनी कौशल्याबाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, तिचं फार सोवळं असतं हो. कांदा-लसूण नाही, कोणाच्या हातचं पाणी नाही. म्हणून तर दिसत नाहीत फारसे. सांगताना सुमतीबाईंना उगाच अभिमान वाटला. असे भाडेकरू नशिबाने मिळतात, असं काहीतरी त्या म्हणाल्या आणि मग स्वतःशीच हसल्या.

पहिला आवाज उन्हाळा लागल्यावर आला. दुपारचे दोन वाजले होते. श्रीधररावांचं जेवण झालं होतं, कूलर सुरू होता. वर कोणीतरी पाट सरकवल्यासारखा आवाज झाला, फरशीवर लाकूड घासतं तसा.

सुमतीबाईंनी कूलर बंद करून कान दिला. काही नाही. मांजर असेल. एप्रिल लागला होता, स्लॅब तापून तडतडतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कूलर सुरू केला आणि परत तोच आवाज आला. त्यामागून पावलं. अनवाणी, सावकाश, टाच टेकवून टाकलेली. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे.

पलंगावर श्रीधरराव छताकडे बघत होते. आवाज जिकडे जाई तिकडे त्यांची नजर जात होती. म्हणजे भास फक्त आपला नाही, हे सुमतीबाईंना कळलं, आणि ते कळल्याने अजिबात बरं वाटलं नाही.

३

किल्ली देवघराच्या खणात होती. उन्हं उतरल्यावर त्या वर गेल्या. कुलूप जसंच्या तसं, गंजलेलं, जोर लावून उघडावं लागलं. आत दिवाळीपासूनची धूळ होती. त्या धुळीत फेब्रुवारीत उमटलेली त्यांची पावलं अजून दिसत होती. बाकी काही नव्हतं. वरच्या नळाचा व्हॉल्व्ह खालून बंद होता, त्यांनीच केला होता.

फक्त एक गोष्ट होती. दीपमाला जिथे जिथे उभी राहिली होती, तिथली धूळ पुसलेली होती. सुमतीबाईंच्या पावलांशेजारी तिची पावलं असायला हवी होती. दारातली तेवढी दिसत होती. आतल्या प्रत्येक पावलाच्या जागी ओल्या फडक्याने सारवल्यासारखं हातभर स्वच्छ वर्तुळ होतं. एका वर्तुळावर त्यांनी बोट टेकवलं. ओल होती.

त्यांनी दार लावलं, कुलूप घातलं, खाली आल्या आणि बराच वेळ कुकर लावायचा विसरून ओट्याशी उभ्या राहिल्या. पावसाळ्यात छत गळायचं, तीच ओल कुठेतरी मुरली असेल. एवढं बोलून त्यांनी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई भिंतीवरून म्हणाल्या, "तुमची भाडेकरीण दिसली वाटते मले गच्चीवर. डोक्यावरून पदर होता. मी हाक मारली, तर पाठमोरी झाली. शिष्टच दिसते."

सुमतीबाई म्हणाल्या, सोवळ्यात असेल. दुसरं काय म्हणणार होत्या? वर कोणी राहत नाही हे सांगायचं, तर दीपमालेला काऊन नाही दिली खोली, हा कौशल्याबाईंचा पुढचा प्रश्न तयार होता. कौशल्याबाईंचं काही नव्हतं, त्याही दिली नसतीच म्हणाल्या असत्या. पण पकडलं जाणं ते पकडलं जाणंच.

आणि त्याहून मोठं एक कारण होतं. श्रीधरराव सुधारत होते.

दुपारी वर पावलं सुरू झाली की त्यांच्या तोंडात आवाज जमायला लागायचे. छताकडे बघत ते काहीतरी घोळवायचे. पहिल्यांदा नुसता घोगरा श्वास, मग 'ग', मग 'गा'. डावीकडचा ओठ हसल्यासारखा वर जायचा. स्पंजचा चेंडू पलंगाखाली पडून धूळ खात होता आणि तरी हे होत होतं. अभिरामला फोनवर त्यांनी ते 'गा' ऐकवलं, तो खूश झाला. नवीन भाडेकरूंचा पायगुण, असं तो थट्टेत म्हणाला. सुमतीबाईंनी ती थट्टा गिळली. मग त्यांच्या मनात आलं की खरंच तसं असेल तर? त्यांना भीती वाटत होती, पण त्यांना त्यांचा नवरा परत हवा होता. भीतीपेक्षा ती हाव मोठी होती, हे त्यांनी कोणापाशी कबूल केलं नसतं.

४

मे महिन्यात एका सकाळी त्यांनी पुडाच्या वड्या केल्या, आत कोथिंबीर भरून, कांदा-लसूण न घालता. चार वड्या वाटीत घालून, वर झाकणी ठेवून त्या जिना चढल्या आणि बंद दाराशी वाटी ठेवून आल्या. आपण हे कोणासाठी करतो आहोत, हा विचार त्यांनी सोयीने टाळला.

खाली उतरताना पाठीमागे पाणी शिंपडल्याचा आवाज आला. हाताच्या ओंजळीतून फरशीवर पाणी टाकतात तसा, चुळुक, चुळुक. त्या उतरतील तसा तोही एकेक पायरी उतरत होता. शेवटच्या पायरीवर त्यांनी वळून बघितलं. कोणी नव्हतं. पायऱ्या ओल्या होत्या. मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात सांडलेलं पाणी बघता बघता उडून जातं. या पायऱ्या दुपारी दोनपर्यंत ओल्याच राहिल्या.

संध्याकाळी वाटी सर्वांत खालच्या पायरीवर होती. वड्यांना कोणी हात लावलेला नव्हता. वाटी हाताने उचलून आणलेलीही दिसत नव्हती. प्रत्येक पायरीवर स्टील घासल्याचा ओरखडा होता. काठीने ढकलत आणली असावी.

तेव्हा सुमतीबाईंना भीतीच्या आधी राग आला. अपमान झाला होता. त्यांच्या हातचं कोणी नाकारलं नव्हतं आजवर. गणपतीत गल्लीभर त्यांचे मोदक जायचे. त्या तरातरा जिना चढून गेल्या आणि बंद दाराला म्हणाल्या, "अहो, आम्ही तुमच्यातलेच आहोत."

आत पावलं थांबली. मग दाराच्या अगदी पलीकडून बाईचा आवाज आला. फार मऊ होता. अगत्याने चौकशी करणारा.

"हो का? गाव कोणतं तुमचं?"

पळायला हवं होतं, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय वाईट असते. त्या म्हणाल्या, आर्वीकडचं.

"घर गावात की गावाबाहेर?"

गावात, भर गावात, देवळाशेजारी, सुमतीबाई घाईने म्हणाल्या. आवाजाने कुलदैवत विचारलं, त्यांनी सांगितलं. आजोळ विचारलं, सांगितलं. आईचं आजोळ विचारलं, तेही त्यांना आठवलं. आईच्या आईचं आजोळ विचारलं. तिथे त्या अडल्या. त्यांना माहीत नव्हतं. तीन पिढ्यांमागच्या एका बाईचं माहेर कोणतं होतं आणि ती कोण होती, हे कोणाला माहीत असतं?

"बरं," आवाज म्हणाला. रागावला नव्हता. जे शोधायचं होतं ते सापडल्यासारखा होता. "आमच्या यांना विचारते आणि उद्या कळवते."

त्या उतरू लागल्या आणि मागे पाणी शिंपडायला सुरुवात झाली.

त्या रात्री झोप लागली नाही. आपल्यात काय खोट निघाली, हेच त्या शोधत राहिल्या. आजीचा रंग काळा होता. पणजीबद्दल घरात कोणी बोलायचं नाही, काऊन बोलायचं नाही? पहाटे पहाटे त्यांच्या लक्षात आलं की आपण रात्रभर एका रिकाम्या खोलीपुढे स्वतःची साक्ष देतो आहोत. त्यांना स्वतःची किळस आली. दीपमालेचा बशी खाली ठेवणारा हात त्यांना आठवला, आणि 'जरा थांबून' म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं.

५

नवतपा लागला होता, मे अखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस. दाराला ओला पडदा होता, कूलरमध्ये दोनदा पाणी भरावं लागत होतं. साडेबाराला सुमतीबाईंनी मऊ भात कालवला आणि श्रीधररावांना उशीला टेकवून बसवलं. नीट ताठ बसवायचं, हे त्यांना सांगितलेलं होतं. पण वर आज दोघं चालत होते. बायकोची पावलं ओळखीची होती, तिच्यामागे जड, पुरुषी दुसरी. ती दारापाशी आली. वरचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. सुमतीबाईंचं ध्यान तिकडे गेलं आणि मान तिरकी असतानाच घास तोंडात गेला.

श्रीधररावांचे डोळे मोठे झाले. छातीतून शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत होता, खोकला येत नव्हता. ओठ निळे पडायला लागले.

सुमतीबाईंनी पाठ चोळली, नाव घेऊन हाका मारल्या. मग त्यांनी दीपमालेला फोन लावला. लाज वाटायला सवड नव्हती. पलीकडून "आली, बसवून ठेवा त्याईले" एवढंच ऐकू आलं. दोन मिनिटांत स्कूटी फाटकाशी होती. ड्युटीवर निघालेली दीपमाला पांढऱ्या गणवेशात होती. सुमतीबाई फाटक उघडायला धावल्या आणि कडी काढता काढता मोठ्याने म्हणाल्या, "वर कोणी राहत नाही. कधीच नव्हतं. मी खोटं बोलले तुझ्याशी."

कौशल्याबाई भिंतीपलीकडे उभ्या होत्या, त्यांनीही ते ऐकलं.

"माहीत आहे मले," दीपमाला म्हणाली. "बाजूले व्हा."

तिने श्रीधररावांना पुढे वाकवलं, आपल्या हातावर त्यांची छाती पेलली आणि पाठीवर तळहाताने दणके दिले. एक, दोन, तीन. सुमतीबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. तेवढ्यात त्यांना मागे, बैठकीच्या खोलीत, पाणी पडल्याचा आवाज आला. चुळुक.

वळू नये असं वाटलं. पण त्या वळल्या.

ओल्या पडद्याच्या खालून, फरशीवर, दोन पावलं दिसत होती. बाईची, गोरी, बोटांत जोडवी, वर नऊवारीचा ओला काठ. ती आत येत होती. दीपमाला जिथून धावत आली होती तिथल्या फरशा टाळून, बोटं वर उचलून, टाचेवर तोल सांभाळत, चिखलातून वाट काढावी तशी ती येत होती. प्रत्येक टाळलेल्या फरशीवर वरून पाणी पडत होतं. सुमतीबाईंची नजर पावलांच्या वर गेली नाही. वर बघितलं तर चेहरा ओळखीचा निघेल, याची त्यांना खात्री होती.

पाठीमागे श्रीधरराव जोरात खोकले, घास बाहेर पडला, आणि त्यांनी आवाज करत श्वास घेतला. सुमतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. परत वळल्या तेव्हा पडद्याखाली कोणी नव्हतं. फरशा ओल्या होत्या.

६

दीपमाला तासभर थांबली. तिने ड्युटीवर उशीर होतो म्हणून फोन केला, दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, श्रीधररावांचं तोंड पुसलं, छातीला हात लावून श्वास तपासला. पलंगाखालचा चेंडू काढून धुतला आणि त्यांच्या उजव्या मुठीत दिला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. सुमतीबाईंनी तिला पाणी दिलं, सरबत दिलं, आणि ती पीत असताना तिच्यापुढे खाली बसल्या. त्यांना रडू आवरेना. चुकले, म्हणाल्या. आजच्या आज सामान घेऊन ये, खोली तुझी, भाडंसुद्धा नको.

दीपमालेने छताकडे बघितलं. वर पाट सरकला होता.

"तुलाही ऐकू येतं?" सुमतीबाईंनी विचारलं.

"त्या लोकायचं मले नवीन नाई, काकू. आमच्या गावात होते, होस्टेलले होते, आता राहते तिथंही आहेत. फक्त तुमच्या घरी त्याईचा आवाज येते." तिने पेला खाली ठेवला. "राहायले नाई येत मी. पण सकाळ-संध्याकाळ काकांचा व्यायाम करून देत जाईन. ते बोलतील. बोलण्यासारखे आहेत."

तिने जाताना श्रीधररावांची उशी नीट केली, कपाळावरचे केस मागे सारले आणि दाराशी जाऊन चप्पल घालू लागली. सुमतीबाई तिच्यामागे उभ्या होत्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हलकं वाटत होतं. मघाशी फाटकात खरं बोलून टाकलं, त्यातूनच पुढचं सगळं नीट होईल असं त्यांना वाटलं.

"सुमती," श्रीधरराव म्हणाले.

स्वच्छ, भरदार, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. सुमतीबाईंच्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. त्या हसत, रडत वळल्या. श्रीधरराव उशीला टेकून ताठ बसले होते. तोंड सरळ होतं. चेंडू त्यांनी पलंगावरून खाली टाकला होता.

"आंघोळीचं पाणी काढ," ते म्हणाले. "तिनं हात लावला मला."

आवाज त्यांचाच होता, साडेचार महिने वाट बघायला लावलेला. बोलण्याची धाटणी मात्र सुमतीबाईंनी जिन्यावर ऐकली होती. मऊ, अगत्याची, जराही राग नसलेली.

दीपमालेचा एक पाय चपलेत होता. दुसरा घालायला तिला थोडा वेळ लागला.

"काका बोलले," ती पाठमोरीच म्हणाली. "पूर्ण वाक्य. अडखळले नाई. डॉक्टरले सांगजा." मग ती फाटकाबाहेर गेली आणि स्कूटी सुरू झाल्याचा आवाज आला.

उद्या येशील ना, असं सुमतीबाईंना विचारायचं होतं.

"आणि तो पेला बाहेर ठेव," श्रीधरराव म्हणाले. त्यांनी उजवा हात उचलून पेल्याकडे दाखवला, जानेवारीपासून निर्जीव पडलेला हात. सुमतीबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. हाच हात हलावा म्हणून त्यांनी उपास केले होते, नवस बोलले होते. ते लख्ख बरे झाले होते. कोणाला सांगितलं असतं तर पेढे वाटा म्हणाला असता.

त्या न्हाणीघरात गेल्या. बादली नळाखाली कधी सरकवली ते त्यांना कळलं नाही. पाणी भरत होतं आणि त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. बैठकीच्या खोलीत टाच टेकवून कोणीतरी चाललं, मग तिच्यामागून जड पावलं. श्रीधररावांनी कोणाला तरी बसा म्हटलं, गाव विचारलं. मऊ आवाजात उत्तर आलं आणि तिघं हसले.

सुमतीबाईंनी छताकडे बघितलं. वर आता काही वाजत नव्हतं.